डिझाइन इंजिनिअर असलेल्या वडिलांचा स्मृतिलेख कसा लिहावा

एखादा डिझाइन इंजिनिअर गेला की त्याच्याविषयीच्या मजकुरात चार विशेषणे हमखास येतात: हुशार, काटेकोर, मितभाषी आणि कुटुंबवत्सल. चारही खरी असतात, तरीही वाचून झाल्यावर माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही, कारण हीच विशेषणे दुसऱ्या कोणाच्याही नावापुढे तितकीच चपखल बसतात. या व्यवसायात ही अडचण जरा जास्तच जाणवते. लेखकाचे नाव पुस्तकावर असते, चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. पण पंपाचे कवच, गिअरबॉक्स, दाराची बिजागरी किंवा रुग्णाची खाट वरखाली करणारी यंत्रणा कोणी आखली, हे ती वापरणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण वस्तूवर नाव असते ते कंपनीचे. घरच्यांनाही बाबा 'ड्रॉइंग करतात' यापलीकडे फारसे ठाऊक नसते. त्यामुळे ते गेल्यावर लिहायला बसलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे माया भरपूर असते आणि तपशील मात्र मूठभर.

माझ्या वडिलांविषयीचा पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला होता. तो फाडून टाकावा लागला, कारण त्यात ते कुठेच नव्हते. माझे दुःख तेवढे पानोपानी होते. दुसऱ्या मसुद्याला चार महिने लागले आणि त्यातले साडेतीन महिने केवळ गोळा करण्यात गेले. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली. डिझाइन इंजिनिअरचे आयुष्य त्याने घेतलेल्या निर्णयांमध्ये असते. पत्रा तीनऐवजी चार मिलिमीटर का घेतला, भोक मध्यावर न ठेवता कडेला का सरकवले, वेल्डिंग टाळून बोल्ट का लावले, असे शेकडो लहान निर्णय तो रोज घेत असतो आणि घरी आल्यावरही त्याची निर्णय घेण्याची पद्धत फारशी बदलत नाही. स्मृतिलेखासाठी शोधायचे ते हे निर्णय. पुढची सारी कृती त्यासाठीच आहे.

कपाट आवरण्याची घाई करू नये

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घर आवरण्याची लगबग सुरू होते आणि नेमके याच काळात सर्वांत मोलाचे कागद रद्दीत जातात. गुंडाळलेली ड्रॉइंग, चौकटीच्या कागदाच्या वह्या, ऑफिसच्या डायऱ्या, पाकिटांच्या पाठीवर केलेली रेखाटने, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे, यांतले काहीही वर्षभर टाकू नये, असा नियम घरात सर्वांना सांगून ठेवावा. पदव्या आणि प्रमाणपत्रे कोणी फेकत नाही आणि लेखाला त्यांचा उपयोगही बेताचाच होतो. खरा उपयोग होतो तो आकडेमोडीच्या वहीचा, कारण तिच्यात खोडलेले आकडे असतात.

जुनी ड्रॉइंग हाती आली तर ती कोणत्या जातीची आहेत हे आधी ओळखावे. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असतील तर ती खरीखुरी ब्लूप्रिंट होय. तिच्यामागची रासायनिक प्रक्रिया जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. हा निळा रंग अल्कधर्मी पदार्थांच्या सहवासात फिका पडतो, म्हणून दस्तऐवज जपण्यासाठी मिळणाऱ्या ज्या फोल्डरांच्या कागदात आम्लाला मारक असा क्षार घातलेला असतो, ती फोल्डर इतर कागदांना उत्तम असली तरी ब्लूप्रिंटला चालत नाहीत. पांढऱ्या किंवा पिवळट पडलेल्या कागदावर निळ्या, काळ्या वा तपकिरी रेषा असतील तर ती डायझो, म्हणजे सगळे जिला अमोनिया प्रिंट म्हणतात ती. ती उजेडात झपाट्याने उडते आणि तिच्यातल्या रसायनांचा डाग शेजारच्या कागदांनाही लागतो, त्यामुळे ती अंधारात आणि इतर कागदांपासून वेगळी ठेवावी. या दोन्ही शेवटी नकला आहेत. मूळ हस्ताक्षर असते ते अर्धपारदर्शक ट्रेसिंग पेपरवर.

ट्रेसिंग पेपर मिळाला तर तो खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरावा. शाईने काढलेली रेषा चुकली की ती ब्लेडच्या पात्याने अलगद खरवडून काढण्याची पद्धत होती आणि खरवडलेल्या जागी कागद किंचित पातळ होऊन उजेड जास्त येऊ देतो. माझ्या वडिलांनी काढलेल्या एका झाकणाच्या ड्रॉइंगवर एका कंसाची त्रिज्या अशी तीन वेळा खरवडलेली दिसली. चौथ्या वेळी जी रेषा आली तिच्या कडेला पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरांत, 'हात आत जायला हवा' असे लिहिलेले होते. ते झाकण कोणत्या यंत्राचे होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. परंतु दुरुस्तीला येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा हात आत जावा म्हणून त्यांनी तीन वेळा रेषा पुसली, एवढे त्या कागदाने सांगितले आणि माझ्या लेखाची सुरुवात तिथेच सापडली.

कागद सपाट करण्यासाठी इस्त्री फिरवू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. स्कॅन करताना किमान ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ठेवावे, कारण या प्रमाणाला एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा पडतो आणि तांत्रिक पेनची ०.१८ मिलिमीटरची बारीक रेषा जेमतेम दोन ठिपक्यांत मावते. त्याहून कमी घेतल्यास मापरेषा तुटक येतात. ए० आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटरचा असतो आणि घरातल्या स्कॅनरवर तो मावत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी सारखा, तिरपा प्रकाश घेऊन तुकड्यातुकड्यांनी छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक छायाचित्रात एक मोजपट्टी ठेवावी.

जुन्या फ्लॉपी आणि हार्ड डिस्कचे काम मात्र लांबणीवर टाकू नये. चुंबकीय माध्यमे वापरात नसली तरी खराब होत राहतात. फाइल जशी आहे तशी आधी उतरवून घ्यावी, मग जाणकाराकडून तिची पीडीएफ करून घ्यावी आणि मूळ डीडब्ल्यूजी, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगची, फाइलही सोबत ठेवावी.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. नोकरीत केलेले ड्रॉइंग बहुधा नोकरी देणाऱ्याच्या मालकीचे असते आणि त्यावर गोपनीयतेचा शिक्का असू शकतो. घरात जपायला आणि वाचून समजून घ्यायला अशा कागदाचा उपयोग करावा. छापायचे झाल्यास मात्र कंपनीची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास मापे दिसणार नाहीत असा एखादा कोपरा किंवा केवळ सहीचा भाग वापरावा.

उजवीकडचा खालचा कोपरा

ड्रॉइंगचा चरित्रदृष्ट्या सर्वांत बोलका भाग म्हणजे उजवीकडे खाली असलेली चौकट, अर्थात टायटल ब्लॉक. तिच्यात भागाचे नाव, ड्रॉइंग क्रमांक, प्रमाण, साहित्य आणि तीन सह्यांच्या जागा असतात: काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. हाती आलेली सारी ड्रॉइंग तारखेप्रमाणे लावून केवळ सह्यांकडे पाहिले तरी नोकरीचा प्रवास कळतो. सुरुवातीची काही वर्षे त्यांची आद्याक्षरे 'काढणारा'च्या रकान्यात असतात, मग एके दिवशी ती 'तपासणारा'च्या रकान्यात सरकतात आणि पुढे 'मंजूर'मध्ये. बढतीचे पत्र हरवले असले तरी हा पुरावा हरवत नाही. काढणाऱ्याच्या रकान्यात त्या वेळी कोणाची आद्याक्षरे आहेत तेही टिपून ठेवावे, कारण ज्याची ड्रॉइंग त्यांनी तपासली तो कनिष्ठ सहकारी बहुधा हयात असतो आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.

चौकटीच्या वर किंवा शेजारी बदलांची नोंद असते. रिव्हिजन ए, बी, सी अशी अक्षरे, तारीख आणि एका ओळीत बदलाचे कारण. 'जाडी वाढविली' एवढीच ओळ असली तरी तिच्यामागे काहीतरी तुटलेले, तडकलेले किंवा कोणाचे तरी फोनवर बोलणे ऐकून घेतलेले असते. अशा दोनतीन नोंदी निवडून त्यांची हकिकत जुन्या सहकाऱ्यांना विचारावी.

चौकटीत शेंडा छाटलेल्या शंकूचे छोटे चिन्हही सापडेल. ते प्रोजेक्शनची, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये कागदावर मांडण्याची, पद्धत दाखवते. युरोपात फर्स्ट अँगल रूढ आहे आणि अमेरिकेत थर्ड अँगल. एरवी एकाच पद्धतीने काम करणाऱ्या माणसाच्या कागदांत मधली दोनतीन वर्षे दुसरे चिन्ह दिसू लागले तर त्या काळात परदेशी ग्राहकासाठी काम चालू होते का, याची चौकशी करावी.

साधनांवरूनही काळ कळतो. या व्यवसायाने एका पिढीत जेवढे स्थित्यंतर पाहिले तेवढे फार थोड्या व्यवसायांनी पाहिले असेल. आयव्हन सदरलँड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशपेनाने रेखाटन करता येणारी 'स्केचपॅड' ही प्रणाली १९६३ मध्ये मांडली, तेव्हा ती प्रयोगशाळेतली नवलाई होती आणि ड्रॉइंग ऑफिसात सगळे टी-स्क्वेअर, ड्राफ्टर आणि सेट-स्क्वेअर घेऊन बोर्डावर वाकलेले होते. आकडेमोड स्लाइड रूलवर, म्हणजे सरकत्या आकडेपट्टीवर, होई. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला आणि स्लाइड रूल थोड्याच वर्षांत मागे पडली. संगणकावर ड्रॉइंग काढण्याची सॉफ्टवेअर मग आली: ऑटोकॅड १९८२ मध्ये, प्रो-इंजिनिअर १९८८ च्या सुमारास. १९७० च्या दशकात नोकरीला लागलेल्या माणसाने म्हणजे हाताने अक्षरे काढण्याचे कसब मोठ्या कष्टाने मिळवले, चाळिशीच्या आसपास ते बाजूला ठेवले आणि वयाने निम्म्या असलेल्या सहकाऱ्याशेजारी बसून माउस धरायला शिकला. तुमच्या वडिलांनी हे कसे घेतले? हौसेने, कुरकुरत, की घरी गुपचूप सराव करून? हा प्रश्न जरूर विचारावा. त्याच्या उत्तरात स्वभाव जेवढा उघड होतो तेवढा पुरस्कारांच्या यादीतून होत नाही.

पेटंट होते का, हेही पाहून घ्यावे. पेटंटच्या सार्वजनिक नोंदी संशोधकाच्या नावाने शोधता येतात. बहुतेक देशांत पेटंटचा हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतो, परंतु दस्तऐवज कायम खुला राहतो. हक्क बहुधा कंपनीच्या नावे असतो आणि संशोधकांची नावे स्वतंत्रपणे दिलेली असतात. नावाच्या स्पेलिंगचे सगळे प्रकार टाकून पाहावेत आणि सहसंशोधकांची नावे उतरवून घ्यावीत, म्हणजे पुढे कोणाला भेटायचे ते ठरते.

कोणाला काय विचारावे

वरिष्ठ साहेब शोकसभेत सुरेख बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून लेखासाठी सहसा काही मिळत नाही. शॉप फ्लोअरवरचा फिटर, टूल रूममधला टर्नर, वेल्डर, तपासणी विभागातला माणूस यांच्याकडे आधी जावे. ड्रॉइंग वाचून प्रत्यक्ष वस्तू बनवणाऱ्याला डिझाइन करणाऱ्याची खरी पारख असते. जिथे पान्याला फिरायलाच जागा नाही अशा ठिकाणी बोल्ट दाखवणारे इंजिनिअर त्याने पाहिलेले असतात आणि कागद खाली ठेवून 'तुम्हीच सांगा, हे कसे बसवाल?' असे विचारणारेही पाहिलेले असतात. तुमचे वडील यांपैकी कोणत्या जातीचे होते, हे तो दोन वाक्यांत सांगतो.

'ते कसे होते?' असा प्रश्न विचारल्यास 'देवमाणूस होते' असे उत्तर येते आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी प्रसंगावर बोट ठेवावे. पहिला नमुना चाचणीत मोडला तेव्हा ते काय म्हणाले? ड्रॉइंगमधली चूक दुसऱ्याने दाखवली तर काय करत? कोणत्या मापावरून ते हटून बसत? त्यांच्या टेबलावर कोणत्या वस्तूला हात लावलेला चालत नसे? नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोणते काम देत? कोणती वस्तू रस्त्यात दिसली की थांबून पाहत? अपयशाविषयीचे प्रश्न संकोचाने टाळू नयेत. दिवंगताचा अपमान होईल अशी भीती वाटते खरी, पण माझ्या वडिलांचे सहकारी सर्वांत आपुलकीने बोलले ते एका फसलेल्या क्लॅम्पविषयी. चाचणीत तो वाकला, तेव्हा बाबांनी ड्रॉइंगवर स्वतःच्याच सहीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि तो कागद आठवडाभर बोर्डाला टाचून ठेवला. ड्राफ्ट्समनचे नाव त्यांनी कोणापुढेही निघू दिले नाही.

बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असल्यास आधी विचारावे. कोणी काय सांगितले हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे. दोघांच्या सांगण्यात तफावत आली तर जिथे कागद सापडेल तिथे कागद प्रमाण मानावा. कागद नसेल तर दोन्ही बाजू द्याव्यात किंवा तो प्रसंग सोडून द्यावा.

आईशी बोलण्यासाठी मात्र थांबावे. तिला समोर बसवून प्रश्नावली काढणे बरे नाही. एखादी वस्तू हाती द्यावी, कंपासपेटी, चष्म्याचे घर, जुनी डायरी, आणि गप्प राहावे. वस्तूवरून ती आपसूक बोलू लागते आणि तिच्या आठवणींचा क्रम आपल्या क्रमापेक्षा वेगळा, पुष्कळदा जास्त खरा असतो.

तांत्रिक काम परक्याला कळेल असे कसे सांगावे

आयुष्यभराच्या कामाची जंत्री देण्याचा मोह आवरावा. एकच भाग निवडावा आणि तो वाचकाच्या हातात द्यावा. ड्रॉइंगवर '२५ एच७/जी६' असे काही लिहिलेले असेल तर वाचकाला ते मंत्रासारखे वाटते. त्याचा अर्थ सांगितला की चित्र बदलते. भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर हवा आणि त्यात फिरणारा दांडा २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर हवा, म्हणजे दोहोंमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राहील. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. केसाहूनही कमी फटीत तेलाचा थर बसला पाहिजे, दांडा अडकता कामा नये आणि खडखडताही कामा नये. एवढी सारी काळजी त्या चार अक्षरांत आहे. 'ते काटेकोर होते' हे वाक्य यानंतर लिहावेच लागत नाही.

निवडलेला भाग चुकीचा बनला असता तर काय झाले असते, हेही सांगावे. डिझाइन इंजिनिअरचे यश म्हणजे न घडलेली गोष्ट असते. जे तुटले नाही, जे अडकले नाही, ज्याने कोणाचे बोट चिरडले नाही, त्याची बातमी होत नाही. त्यामुळे 'त्या पुलीचा आडोसा त्यांनी असा वळवला की बाही आत ओढली जाणार नाही' असे एक वाक्य सन्मानचिन्हांच्या परिच्छेदापेक्षा भारी पडते.

श्रेय देताना हात आखडता घ्यावा. 'त्यांनी एकट्याने अमुक यंत्र बनवले' हे बहुतेक वेळा खरे नसते आणि ज्याच्या ड्रॉइंगवर तीन सह्या असत, त्याला ते आवडलेही नसते. 'त्या यंत्राचा फीडर, म्हणजे माल आत सरकवणारा भाग, त्यांच्याकडे होता' असे नेमके लिहावे.

शब्दांची भाषा त्यांची स्वतःची ठेवावी. मापात चालणाऱ्या फरकाला ते 'टॉलरन्स' म्हणत असतील तर लेखात 'सह्यता' लिहून त्यांना परके करू नये. मात्र शब्द पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ वाक्यातच उलगडून टाकावा.

घरातला माणूस

'कुटुंबवत्सल' हा शब्द मसुद्यातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी काय ठेवता येते ते पाहावे. काहीच ठेवता आले नाही तर अजून पुरेसे गोळा झालेले नाही असे समजावे. डिझाइन करणाऱ्या माणसाचे प्रेम पुष्कळदा बोलण्यात नसते, वस्तूंत असते. दारामागची योग्य उंचीवरची खुंटी, आजीच्या पलंगाला बसवलेला धरायचा दांडा, सायकलच्या कॅरियरला जोडलेली पाय टेकण्याची पट्टी, या वस्तू शोधून काढाव्यात, मोजाव्यात आणि त्यांची मापे लेखात लिहावीत. होय, मापे. आजीच्या दांड्याची जाडी बाजारातल्या नळीपेक्षा वेगळी असेल, तर ती तिच्या मुठीच्या मापाची आहे का, हे एकदा पडताळून पाहावे.

माझ्या घरात असे एक अभ्यासाचे टेबल आहे. त्याच्या प्रत्येक पायाला ४० मिलिमीटर अंतरावर पाच भोके आहेत आणि दर वर्षी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बाबा पाना घेऊन बसत आणि गरज असल्यास ते टेबल एक भोक वर चढवत. सगळ्यांचीच टेबले अशी वाढतात असे मला बरीच वर्षे वाटत असे. ते गेल्यावर कागदांत त्या टेबलाचे पेन्सिलीचे रेखाटन सापडले. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे काढलेले, परंतु उजव्या कोपऱ्यात रीतसर चौकट आखलेली. 'काढणारा'च्या पुढे त्यांची आद्याक्षरे आणि 'तपासणारा'च्या पुढे आईची सही. शेजारी रिव्हिजन ए: 'खण ३० मिमी वर घेतला, गुडघा लागतो.' ही चूक आईने काढली होती आणि त्यांनी ती ऑफिसातल्या शिस्तीने नोंदवली होती. त्या दोघांच्या संसाराविषयी मी दहा पाने लिहिली असती, तरी त्या रकान्यातल्या सहीएवढे सांगता आले नसते.

कामाचे आणि घराचे असे धागे जिथे एकमेकांत गुंततात ती जागा लेखाचा गाभा असते, म्हणून 'व्यावसायिक जीवन' आणि 'कौटुंबिक जीवन' असे दोन कप्पे करून लिहू नये. ऑफिसात न सुटलेला प्रश्न घरी जिन्यावर सुटलेला असू शकतो आणि मुलाला गणित शिकवताना वापरलेली युक्ती नव्या ड्राफ्ट्समनवर आधी करून पाहिलेली असू शकते.

त्याचबरोबर ते नसण्याचाही उल्लेख असावा. यंत्र उभारणीच्या काळात आठवडेच्या आठवडे बाहेर राहणे, शाळेच्या कार्यक्रमाला न येणे, समोर बसूनही चारचार दिवस डोक्यात दुसराच हिशेब चालू असणे, हे या पेशातल्या बहुतेक घरांनी अनुभवलेले असते. मायाळू माणसाच्या लेखातून हे गाळले तर घरच्या वाचकाला तो लेख खोटा वाटू लागतो. तक्रारीचा सूर लावण्याची गरज नाही; प्रसंग जसा घडला तसा लिहावा आणि पुढे जावे. माझ्या बहिणीने तिच्या स्नेहसंमेलनाची आठवण स्वतःच्या शब्दांत लिहून दिली. ते नाटक संपल्यावर धावत आले होते आणि रिकाम्या रंगमंचावर तिला पुन्हा सगळे संवाद म्हणायला लावून त्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या होत्या. उशीर आणि टाळ्या, दोन्ही त्यात आहेत.

मांडणी, काटछाट, तपासणी

जन्मापासून सुरुवात करू नये. एका वस्तूपासून किंवा एका निर्णयापासून सुरुवात करावी आणि जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे सारे तिसऱ्याचौथ्या परिच्छेदात थोडक्यात उरकावे. निधनाची आणि आजारपणाची हकिकत दोनतीन वाक्यांपलीकडे नेऊ नये. आयुष्य काही दशकांचे आणि आजार काही महिन्यांचा असेल, तर लेखातही साधारण तेच प्रमाण राहावे. शोकसभेत वाचायचा मजकूर वेगळा करावा. जड मनाने सावकाश वाचताना मिनिटाला शंभराच्या आसपासच शब्द होतात, म्हणून पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द पुरेत आणि ते घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहावेत.

काही गोष्टी जाहीर मजकुरात घालू नयेत. पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि आईचे माहेरचे नाव यांचा वापर करून मृत व्यक्तीच्या नावे फसवणूक करता येते. केवळ वर्ष दिल्याने लेखाचे काही बिघडत नाही. ऑफिसातले जुने वाद, दुसऱ्याची चूक आणि अपघातांविषयीची ऐकीव माहितीही बाहेर ठेवावी. त्यांचे स्वतःचे दोष मात्र ठेवावेत. पेन्सिल उसनी नेणाऱ्यावर ते चिडत असतील तर ते येऊ द्यावे.

मसुदा तयार झाल्यावर त्याला दोन तपासणारे असावेत. एक सहकारी, जो आकडे, यंत्रांची नावे आणि कामाची वाटणी तपासेल. आणि एक घरचे माणूस, जे 'असे ते कधीच बोलले नसते' एवढे सांगू शकेल. दोघांना एकाच वेळी मसुदा देऊ नये. आधी सहकाऱ्याच्या दुरुस्त्या करून घ्याव्यात, कारण घरच्या माणसाने एकदा डोळे पुसून 'छान झाला आहे' म्हटले की पुढे काही बदलण्याचा धीर होत नाही.

शेवटच्या पानावर उजवीकडे खाली एक छोटी चौकट आखावी. तिच्यात लिहिणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्या दोघांची नावे आणि तारीख घालावी, आणि वर बदलांच्या नोंदीसाठी चारपाच ओळी रिकाम्या ठेवाव्यात. लेख नातेवाइकांत फिरू लागला की पत्रे आणि फोन येतातच. माझ्या प्रतीत आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. तिसरी एका निवृत्त फिटरच्या फोनमुळे झाली: ते तीन वेळा खरवडलेले झाकण छपाईयंत्राचे आहे असे मी लिहिले होते, ते पॅकिंगच्या यंत्राचे होते, आणि हात आत जायला हवा असा आग्रह धरणारा तो स्वतः होता.